तारा विरुद्ध स्प्रिंगा: व्हायब्रेटो ब्रिजची गिटार घरच्या घरी सेट कशी करावी

व्हायब्रेटो ब्रिजच्या, म्हणजे दांडीने सूर हलवता येतो अशा ब्रिजच्या, गिटारवर मी पहिल्यांदा जाड तारांचा संच चढवला तेव्हा अख्खी संध्याकाळ एकाच उद्योगात गेली. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार सुरात आणायची, मग पाचवी, आणि चौथीपर्यंत पोचावं तर सहावी उतरलेली. परत पहिल्यापासून. तासाभराने बघतो तर ब्रिज मागच्या बाजूने डब्याच्या झाकणासारखा उघडलेला, तारा फ्रेटबोर्डपासून भलत्याच वर गेलेल्या. काहीतरी तुटलं असं समजून मी गिटार पेटीत घालून ठेवून दिली. तुटलं काहीच नव्हतं. या ब्रिजला स्वतःची अशी जागाच नसते, हे मला माहीत नव्हतं इतकंच.

साधा ब्रिज, म्हणजे तारांची खालची टोकं जिथे अडकतात तो भाग, बॉडीवर स्क्रूने घट्ट बसवलेला असतो, तारा कितीही ओढल्या तरी जागचा हलत नाही. व्हायब्रेटो ब्रिज मात्र पुढच्या कडेवर नुसता टेकलेला असतो. वरून सहा तारा त्याला मानेकडे ओढतात. त्याच्या खाली बॉडीच्या पोटात एक जड धातूचा ठोकळा लोंबत असतो आणि त्याला अडकवलेल्या स्प्रिंगाही मानेकडेच ओढतात. गंमत अशी की दोघींची दिशा एकच, पण एक टेकूच्या वरून ओढते आणि एक खालून. त्यामुळे तारा ब्रिजला पुढे वाकवतात आणि स्प्रिंगा मागे बसवतात. ही रस्सीखेच जिथे बरोबरीत सुटेल तिथे ब्रिज थांबतो. एक तार चढवली की ब्रिज केसभर पुढे झुकतो, आणि बाकीच्या पाच तारा तेवढ्या सैल पडतात. माझी संध्याकाळ त्यातच गेली होती.

ओढ किती असते म्हणाल, तर ६४८ मिलिमीटर स्केलच्या, म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीच्या, गिटारवर नेहमीच्या ट्यूनिंगला ९-४२ चा संच (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच, सगळ्यात जाड ०.०४२ इंच) मिळून साधारण ३८ किलो ओढतो आणि १०-४६ चा साधारण ४७ किलो. म्हणजे एका नंबराने तारा जाड केल्या की स्प्रिंगांसमोर आठ-नऊ किलो जास्तीचे उभे राहतात. स्प्रिंगांना कुणी सांगितलेलं नसतं.

नावाचा एक घोळ आधीच सांगून टाकतो. फेंडरने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आणली तेव्हा या यंत्रणेला ट्रेमोलो म्हटलं, आणि तेच नाव रूढ झालं. खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं आणि व्हायब्रेटो म्हणजे सूर वरखाली होणं. त्याच कंपनीच्या कित्येक ॲम्पवर मात्र आवाज लहानमोठा करणाऱ्या बटणावर ‘व्हायब्रेटो’ लिहिलेलं असतं. तेव्हा ट्रेमोलो, ट्रेम, व्हायब्रेटो, व्हॅमी यांपैकी काहीही कानावर पडलं तरी वस्तू एकच समजा.

आधी ठरवा: टेकवलेला की तरंगता

ब्रिज ठेवायच्या दोन पद्धती आहेत. एकीत तो मागच्या कडेने बॉडीवर टेकलेला असतो. दांडी खाली दाबून सूर उतरवता येतो, वर ओढून चढवता येत नाही. दुसरीत मागची कड थोडी उचललेली असते, ब्रिज हवेत तरंगतो आणि सूर दोन्हीकडे जातो.

तरंगता ब्रिज ऐकायला सुंदर लागतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. एक तार बेंड केली, म्हणजे बोटाने आडवी ढकलून सूर चढवला, की बाकीच्या उतरतात. तळहात ब्रिजवर जरा जास्त रेलला की सगळ्या चढतात. एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर होतात, गाणं तिथेच संपतं. म्हणून सहा स्क्रूंचा किंवा दोन खांबांचा साधा ब्रिज असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पहिले काही महिने टेकवून वाजवा. हात बसला की तरंगता करा. फ्लॉइड रोजसारखा लॉक होणारा ब्रिज असेल तर निवडीला फारसा वाव नाही, तो बहुधा तरंगण्यासाठीच बसवलेला असतो. त्याचं वेगळं बोलू.

सामान फार लागत नाही. स्क्रूच्या खाचेत नीट बसणारा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, सॅडलच्या (ब्रिजवर तार जिच्यावर टेकते ती छोटी ठोकळी) स्क्रूच्या मापाची ॲलन की, ट्रस रॉडची (मानेच्या आतल्या धातूच्या सळीची) की, अर्धा मिलिमीटर वाचता येईल अशी स्टीलची पट्टी, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि चांगला इलेक्ट्रॉनिक ट्यूनर. आणखी चार जुनी प्लॅस्टिकची कार्डं, बाद झालेली बँकेची कार्डं चालतील. ती कशाला, ते पुढे कळेल. ॲलन कीचं माप गिटारप्रमाणे बदलतं, काही सॅडलना मिलिमीटरची लागते, काहींना इंचाची. जवळपासची की कोंबून फिरवलीत तर त्या बारीक स्क्रूचं तोंड गुळगुळीत होईल आणि मग तो कायमचा तिथेच राहील.

तारा

जुन्या तारांवर सेटअप करणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. नव्या लावा, आणि पुढे ज्या जाडीच्या वापरणार आहात त्याच लावा. जाडी तीच ठेवणार असाल तर एकेक तार काढून लगेच नवी चढवा, म्हणजे तोल फारसा ढळत नाही. फ्रेटबोर्ड पुसायचा म्हणून सगळ्या एकदम काढल्यात तरी बिघडत नाही, फक्त ब्रिज ‘थाड’ करून मागे बसेल, त्याने घाबरू नका. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत, खाली खाली उतरत जाणारे. मग प्रत्येक तार बाराव्या फ्रेटजवळ बोटांनी हलकेच ओढायची, पुन्हा सुरात आणायची, पुन्हा ओढायची. ओढूनही सूर हलेनासा झाला की पुढे जा. ही पायरी गाळून मग ‘ब्रिज सूर धरत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात.

टेकूचे स्क्रू

ब्रिजच्या पुढच्या कडेला सहा स्क्रू असतील तर ते घट्ट आवळायचे नसतात. प्लेटला डुलायला जागा हवी. दांडीने प्लेट मागे बॉडीवर सपाट बसवा, सहाही स्क्रू सैल करून त्यांची डोकी प्लेटपासून साधारण १.६ मिलिमीटर वर येऊ द्या. मग फक्त दोन टोकांचे स्क्रू डोकं प्लेटला जेमतेम टेकेल इतके खाली घ्या. आता ब्रिज त्या दोघांवर डुलतो, मधले चार नुसते पहारा देतात.

दोन खांबांचा ब्रिज असेल तर दोन्ही खांब सारख्या उंचीवर हवेत. मात्र तारा पूर्ण ताणात असताना खांब फिरवू नका. प्लेटची धारदार कड त्या खांबांवर टेकलेली असते, ताणात फिरवलं की धार बोथट होते आणि मग दांडी वापरल्यावर ब्रिज जागेवर परत येत नाही. आधी तारा ढिल्या करा.

तोल साधणे

सगळा खेळ इथे आहे, म्हणून सावकाश.

गिटार पालथी घालून मागचं झाकण काढा. आत ठोकळा दिसेल, त्याला अडकवलेल्या दोन ते पाच स्प्रिंगा दिसतील, आणि त्यांची दुसरी टोकं एका पंज्यासारख्या पट्टीत अडकवलेली असतील. हा पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडात बसवलेला असतो. स्क्रू आत घातले की स्प्रिंगा ताणल्या जातात, बाहेर काढले की सैल होतात. पंज्याला एक बारीक वायर डाग देऊन जोडलेली असेल. ती तारांची अर्थिंगची वायर. स्क्रूड्रायव्हर निसटून मी ती एकदा तोडली आहे, आणि मग ॲम्प सुरू करताच आलेली घूं कुठून येते हे शोधण्यात दोन दिवस घालवले आहेत.

टेकवलेला ब्रिज हवा असेल तर काम सोपं. तारा सुरात आणा, पंज्याचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने अर्धा अर्धा फेरा आवळत जा, परत सुरात आणा. मागची कड बॉडीला लागली की परीक्षा घ्या: तिसरी तार एक पूर्ण स्वर बेंड करा आणि त्याच वेळी सहावी वाजती ठेवा. सहावीचा सूर खाली घसरला तर ब्रिज अजून उचलला जातोय. आणखी थोडं आवळा. घसरायचा थांबला की तिथेच थांबा, त्यापुढे आवळलंत तर दांडी उगाच जड होईल.

तरंगत्यासाठी ती चार कार्डं काढा. एका कार्डाची जाडी असते ०.७६ मिलिमीटर, म्हणजे चारांची मिळून जवळजवळ ३. ब्रिजच्या मागच्या कडेखाली फेंडर जी जागा सोडायला सांगते ती आहे ३.२ मिलिमीटर. कार्डं जणू त्यासाठीच बनवल्यासारखी.

तारा जरा ढिल्या करा. पंज्याचे स्क्रू दोन-दोन फेरे आवळा, म्हणजे स्प्रिंगा मुद्दाम वरचढ होतील. दांडी दाबा, मागची कड उचलली जाईल, तिच्याखाली चारही कार्डं एकावर एक सरकवा आणि दांडी सोडा. ब्रिज कार्डांवर घट्ट बसेल. आता शांतपणे तारा सुरात लावा. ब्रिज हलत नसल्यामुळे साध्या गिटारइतकीच सहज लागतील, एक लावली म्हणून दुसरी उतरणार नाही. लावता लावता कार्डं सुटून पडली तर स्प्रिंगा कमी पडताहेत. आणखी आवळा, किंवा एक स्प्रिंग वाढवा.

सगळ्या तारा सुरात आल्या की गिटार मांडीवर कडेवर उभी धरा, तोंड पलीकडे आणि पाठ तुमच्याकडे. पंज्याचा एक स्क्रू पाव फेरा सैल, मग दुसरा पाव फेरा सैल. प्रत्येक वेळी कार्डं ओढून बघा. आधी ती हलणारसुद्धा नाहीत. मग किंचित सरकतील. एक वेळ अशी येते की पुस्तकात दाबलेला कागद निघावा तशी ती थोड्या घर्षणाने बाहेर येतात. तिथेच थांबा. कार्डं काढून ट्यूनर लावा. तारा आहेत तिथेच असतील, फार तर केसभर इकडेतिकडे. सगळ्याच उतरल्या असतील तर तुम्ही पाव फेरा पुढे गेलात, तेवढं परत आवळा. कार्डांची ही युक्ती कळल्यापासून तोल साधायला मला पंधरा मिनिटंही लागत नाहीत.

दांडी वर ओढून पाहा. तिसरी तार साधारण दीड स्वर, दुसरी एक स्वर आणि पहिली अर्धा स्वर चढत असेल तर उंची झकास आहे.

स्प्रिंगा किती ठेवायच्या यावर लोक तासन्‌तास भांडतात. तीनवर सुरुवात करा. जास्त स्प्रिंगा लावून पंजा तेवढा सैल केला तर ब्रिज त्याच जागी थांबतो, फक्त दांडी कडक लागते आणि बेंड करताना बाकीच्या तारा कमी घसरतात. कमी स्प्रिंगा ठेवल्या तर उलट. हातालाच विचारा.

मान, उंची, इंटोनेशन

इथून पुढची कामं कुठल्याही इलेक्ट्रिक गिटारसारखीच, एका फरकाने: काहीही फिरवलं की पुन्हा सुरात आणायचं आणि ब्रिजखालची फट पुन्हा बघायची.

मानेला किंचित पुढे बाक हवा, त्याला रिलीफ म्हणतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जिथे मान बॉडीला मिळते तिथला फ्रेट बोटाने दाबा, आणि आठव्या फ्रेटपाशी सहाव्या तारेखालची फट फीलर गेजने मोजा. ९.५ ते १२ इंच त्रिज्येच्या गोलाईच्या फ्रेटबोर्डला ०.२५ मिलिमीटर चांगली. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळा, कमी असेल तर उलट. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी कधीच नाही. अडकला तर जोर लावू नका, ती गिटार जाणकाराकडे न्या. इथली घाई मानेवर बेतते, आणि हे मी अक्षरशः म्हणतोय.

मग ॲक्शन, म्हणजे तारांची उंची. सतराव्या फ्रेटच्या वर तारेच्या खालच्या बाजूपर्यंत १.६ मिलिमीटर ठेवून सुरुवात करा. सॅडलचे दोन्ही पाय सारखे उचला, तिरका सॅडल हळूहळू घसरतो. सगळ्या सॅडलची मिळून कमान फ्रेटबोर्डच्या गोलाईसारखी दिसली पाहिजे. तार खडखडली तर आधी बघा की ती ॲम्पमधून ऐकू येते का. येत नसेल तर मी तरी सोडून देतो.

इंटोनेशन म्हणजे फ्रेट दाबल्यावरही सूर बरोबर लागणं. त्यासाठी गिटार वाजवताना धरता तशीच धरा, झोपवून नाही. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून वाजवलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मानेपासून लांब न्या, उतरा असेल तर मानेकडे आणा. दरवेळी पुन्हा सुरात, पुन्हा तपासणी. कंटाळवाणं आहे, पण एकदाच.

पिकअपची, म्हणजे तारांखालच्या आवाज उचलणाऱ्या चुंबकी भागाची, उंची शेवटी. शेवटचा फ्रेट दाबून सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपच्या चुंबकापासून तारेपर्यंत जाड बाजूला २ आणि बारीक बाजूला १.६ मिलिमीटर. याहून जवळ नेलं तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर जाड तारांचा स्वर थरथरून बेसूर वाटतो. कित्येकदा दोष इंटोनेशनला दिला जातो आणि चोर पिकअप असतो.

सूर परत येत नसेल तर

सगळं झालं, दांडी दाबली, सोडली, आणि सूर जागेवर आला नाही. आता कान वापरा, कारण तार स्वतःच सांगते कुठे अडतंय.

दांडी खाली दाबून सोडल्यावर तार चढी राहिली आणि बेंड केल्यावर उतरी राहिली, तर ती नटमध्ये अडकतेय. (नाटकातला नट नव्हे, खुंट्यांच्या अलीकडची खाचांची पट्टी.) दांडी दाबल्यावर तार सैल होते आणि नटच्या पलीकडचा ताणलेला तुकडा तिला खुंटीकडे खेचून घेतो. दांडी सोडल्यावर ती परत सरकायला हवी. खाच घट्ट असेल तर सरकत नाही, सूर चढा राहतो. बेंडमध्ये हेच उलट्या दिशेने घडतं. खुंटी फिरवताना ‘टिंग’ असा आवाज येत असेल तर ही खूण पक्की.

उपाय: तार बाजूला करून खाचेत मऊ पेन्सिल घासा. पेन्सिलमधल्या ग्राफाइटची भुकटी वंगणाचं काम करते. गिटारच्या डोक्यावर तारा दाबून धरणारी छोटी पट्टी असेल तर तिच्याखालीही घासा. एवढ्याने भागलं नाही तर खाच तारेच्या जाडीला अरुंद पडतेय, ती कानशीने रुंद करावी लागेल. पहिल्यांदा हे काम दुसऱ्याकडून करून घ्या. खाच खोल झाली की नट नवा बसवावा लागतो.

सगळ्याच तारा एका मापाने चढ्या किंवा उतऱ्या परत येत असतील तर नट निर्दोष आहे. अडचण टेकूपाशी आहे: स्क्रू फार आवळलेले, धार बोथट, किंवा ठोकळा पोकळीच्या कडेला घासतोय.

फ्लॉइड रोज असेल तर

इथे तार नटपाशी आणि ब्रिजपाशी दोन्हीकडे आवळून बंद केलेली असते. म्हणून घर्षणाचा प्रश्न जवळजवळ मिटतो, आणि दांडी अगदी तारा लोंबेपर्यंत दाबली तरी सूर परत येतो. बदल्यात तारा बदलणं हे रविवार सकाळचं काम होऊन बसतं.

मूळ पद्धतीच्या ब्रिजमध्ये तारेच्या टोकाचा गोळा कापून उघडं टोक सॅडलमध्ये आवळतात. ब्रिजची प्लेट बॉडीला समांतर दिसली पाहिजे. पुष्कळ गिटारांमध्ये तिच्याखाली खोलगट भाग असतो, तिथे कार्डांची युक्ती चालत नाही. म्हणून हिशेब उलटा करा: पंजा सैल करून तारांना जिंकू द्या, पाठीमागून ठोकळा आणि पोकळीची पट्ट्याच्या खुंटीकडची भिंत यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा असा बसवा की प्लेट समांतर राहील. मग तारा सुरात आणा आणि तुकडा आपोआप सुटेपर्यंत पंजा पाव पाव फेऱ्याने आवळा.

नट बंद करण्यापूर्वी ब्रिजवरचे बारीक ट्यूनर (सूर थोडाच हलवणारे स्क्रू) मधोमध आणून ठेवा, म्हणजे नंतर दोन्हीकडे वाव राहतो. तारा भरपूर ओढून झाल्याशिवाय नट आवळू नका. आवळताना सूर किंचित हलतो, तो बारीक ट्यूनरने जुळवा. इंटोनेशनचा स्क्रू सोडण्याआधी ती तार पूर्ण ढिली करा, नाहीतर सॅडल झटक्यात पुढे उडी मारतो.

मागचं झाकण लगेच लावू नका. नव्या तारा दोन-तीन दिवस वाजवून आणखी बसतात, आणि तेवढ्यात पंज्याला एखाददुसरा पाव फेरा द्यावाच लागतो. स्प्रिंगा वाजवताना गुणगुणत असतील तर त्यांच्याखाली फोमचा तुकडा सरकवून द्या. माझ्या गिटारचं झाकण तर गेली कित्येक वर्षं त्याच्या सहा स्क्रूंसकट एका पाकिटात पडून आहे.